ब्युरेट किती उतरेल? बारावीच्या रसायनशास्त्र प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

कॉलेज सुरू झालं. मॅडमनी पहिल्याच तासाला प्रकल्पाचं सांगितलं. जोडीने करायचा, विषय सेंद्रिय रसायनशास्त्रातला हवा आणि जुलै संपायच्या आत शीर्षक लिहून द्यायचं. मागच्या वर्षांच्या फायली टेबलावर मांडल्या होत्या. बहुतेकांत साबण, नाही तर लिंबातलं क जीवनसत्त्व. मॅडमची अट एकच: "नुसतं काहीतरी बनवून आणू नका. प्रश्न आणा, आणि उत्तर आकड्यात येईल असा आणा."

माझी जोडीदार शाळेपासूनची मैत्रीण. ती सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वडील रंगाईच्या कारखान्यात आहेत. त्यामुळे पहिली कल्पना कुठून येणार ते ठरलेलंच होतं.

१८ जून, बुधवार

रंग. सोलापुरात राहून चादरीचा रंग सोडून दुसरं काय सुचणार? अमाईन्सच्या धड्यात अॅझो रंगाची अभिक्रिया आहेच: अॅनिलीन, सोडियम नायट्राईट, हायड्रोक्लोरिक आम्ल, मग बीटा नॅप्थॉलबरोबर संयोग, आणि भडक नारिंगी साका. मैत्रिणीचे वडील म्हणाले, सुतावर थेट नॅप्थॉल बसवून रंग चढवायची रीतही याच अभिक्रियेची. आम्ही दोघी हरखलो. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये मॉव्ह हा जांभळा रंग शोधला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अॅनिलीनच्या बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं. ते त्वचेतूनही शरीरात जातं आणि विषारी आहे. शरीरात किंवा कापडावर फुटून घातक अॅरोमॅटिक अमाईन्स देणाऱ्या अॅझो रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे. आमचा रंग त्या यादीतला असो वा नसो, धुराड्याचं कपाट नसलेल्या प्रयोगशाळेत हे काम करू देणार नाही, असं त्या म्हणाल्या. शिवाय डायझो क्षार ० ते ५ अंशांतच टिकतो. दुपारी बर्फ आणून तो टिकवायचा, तेही एकदा नाही, प्रत्येक वाचनाला. आणि सगळं जमलं तरी प्रश्न काय? रंग तयार होतो हे पुस्तकातच लिहिलंय.

हे शेवटचं मला जास्त लागलं.

२१ जून, शनिवार

अॅस्पिरिन बाद. अॅसेटिक अॅनहायड्राईड लागतं आणि त्यापासून हेरॉईन बनवता येत असल्याने अमली पदार्थांच्या कायद्याखाली त्याची विक्री नियंत्रित आहे. शाळा-कॉलेजला रसायनं पुरवणाऱ्या दुकानदाराने नाव ऐकताच मान हलवली. चहातलं कॅफीन बाद, कारण डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म हाताळायला मॅडम देणार नाहीत.

आज एक उपयोगाचं काम केलं. प्रयोगशाळेतल्या काकांबरोबर कपाट उघडून काय आहे ते लिहून काढलं. ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचता येणारे ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या खुणा केलेल्या काचनळ्या, भरपूर. तराजू ०.०१ ग्रॅमचा. सोडियम हायड्रॉक्साईड, ऑक्झॅलिक आम्ल, फिनॉल्फ्थॅलीन, आयोडीन, थायोसल्फेट, पोटॅशियम परमँगनेट आहे. रंग मोजायचं यंत्र नाही. तेल काढायचं सॉक्सलेट उपकरण नाही. जीवशास्त्रवाल्यांकडे चांगला ओव्हन आहे. म्हणजे आम्ही खात्रीने एकच गोष्ट मोजू शकतो: टायट्रेशनमध्ये, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना, किती द्रावण लागलं. प्रश्न या कपाटातून निघायला हवा.

२५ जून, बुधवार

डाळिंब. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि बाजारात सालींचा ढीग फुकट मिळतो. सालीत टॅनिन भरपूर, त्याने सुती कापड पिवळट रंगतं आणि लोहाच्या क्षाराने काळपट होतं. देखणा प्रयोग आहे, पण "गडद" आणि "फिकट" यांना आकडा कसा द्यायचा? परमँगनेटने टॅनिन मोजायची जुनी पद्धत आहे. मात्र परमँगनेट टॅनिनशिवाय समोर येईल त्या बऱ्याच गोष्टींचं ऑक्सिडीकरण करतं. रसातलं क जीवनसत्त्व आयोडीनने मोजावं, तर रसाच्या लालीत स्टार्चचा निळा रंग नेमका कधी आला ते कळत नाही.

सोडलं.

२८ जून, शनिवार

मैत्रिणीने डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती आणि खाता खाता तिनेच विचारलं, "चटणी जुनी झाली की खवट का होते गं?" दोघी थांबलो. हा खरा सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रश्न आहे! शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. तेल म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लांचे एस्टर. धड्यातली जलविघटनाची अभिक्रिया आमच्या डब्यातच चालू आहे. लसूण घातलेली चटणी जास्त टिकते का, तिखटाने फरक पडतो का, असे कितीतरी प्रश्न एका दमात सुचले.

१ जुलै, मंगळवार

मॅडमना चटणी आवडली. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि त्यावर आमचा आठवडा जाणार हे दिसलं.

पहिला: चटणीतलं तेल लाल असतं. आम्ल संपून अल्कली उरली की येणारा फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग त्यात दिसेल कसा? आम्ही थोडी चटणी कापडातून पिळून ते तेल परीक्षानळीत उजेडाला धरलं. मिरचीची लाली इतकी गडद की गुलाबी रंगाचा मागमूस लागला नसता. म्हणजे तिखट आलं की टायट्रेशन गेलं.

दुसरा प्रश्न खोल होता. "खवट होतं म्हणजे नेमकं काय होतं?" तेल बिघडायच्या वाटा दोन. एक जलविघटनाची: पाणी आणि लायपेज नावाचं विकर मिळालं की एस्टर फुटतो, मेदाम्ल मोकळं होतं आणि आम्लता वाढते. दुसरी ऑक्सिडीकरणाची: हवेतला ऑक्सिजन असंतृप्त मेदाम्लाच्या दुहेरी बंधाशेजारी हल्ला करतो, पेरॉक्साईड बनतात, ते फुटून हेक्झानालसारखे अल्डिहाईड तयार होतात. जुन्या शेंगदाण्याचा जो वास नाकात बसतो तो मुख्यतः या दुसऱ्या वाटेचा. आम्लता मोजून आपण पहिली वाट पाहतो. नाकाला येतो तो वास वेगळ्या वाटेने आलेला असतो. पेरॉक्साईड मोजायला आयोडाईड आणि थायोसल्फेट आहे, पण नेहमीच्या पद्धतीत द्रावक म्हणून पुन्हा क्लोरोफॉर्म लागतो.

मी आजवर या दोन्ही गोष्टी एकच समजत होते, आणि वर्गातले बहुतेक जण तसंच समजत असतील. मोजणार एक आणि निष्कर्ष काढणार दुसऱ्याचा, हा घोटाळा कितीतरी प्रकल्पांत होत असणार. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: आपण मोकळं आम्ल मोजतोय. वासाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

४ जुलै, शुक्रवार

चटणीऐवजी नुसतं तेल घ्यायचं का? मॅडम म्हणाल्या, "आधी कागदावर ब्युरेट चालवा." ही मला फार मोलाची शिकवण वाटली.

आम्लमूल्य म्हणजे एक ग्रॅम तेलातलं मोकळं आम्ल उदासीन करायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साईड, मिलिग्रॅममध्ये. समजा रिफाईंड तेलाचं आम्लमूल्य ०.२ आहे. १० ग्रॅम तेलाला २ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या रेणुभाराने, ५६.१ ने, भागून ०.०३६ मिलिमोल. ०.१ नॉर्मल (दर मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिमोल) अल्कलीचं द्रावण वापरलं तर ब्युरेट उतरणार ०.३६ मिलिलिटर. आमची वाचनाची चूकच ०.१! एवढ्यात कसला फरक दिसणार? द्रावण पाचपट पातळ केलं, ०.०२ नॉर्मल, तर १.८ मिलिलिटर. जरा बरं. पण तेलात पाणीही नाही आणि विकरही नाही, महिनाभर बाटली ठेवली तरी आम्लता फारशी हलणार नाही. मोजता येईल, पण मोजण्यासारखं काही घडणार नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

घरी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी. मी घाईत कच्चेच दाणे मिक्सरला लावायला काढले तर आजी ओरडली, "भाजून घे आधी! कच्चं कूट ठेवलं की चार दिसात बिघडतंय बघ."

आजी, हेच शोधत होते.

८ जुलै, मंगळवार

लायपेज हे प्रथिन आहे. भाजताना ते उष्णतेने निकामी व्हायला हवं. कच्च्या दाण्यात ते शाबूत असतं, पण तेलापासून वेगळं, आपापल्या कप्प्यात. कुटलं की कप्पे फुटतात आणि विकराची तेलाशी गाठ पडते. म्हणजे कच्च्या कुटात मोकळं आम्ल वाढत जाईल, भाजलेल्यात तेवढं वाढणार नाही. प्रश्न तयार: शेंगदाणे भाजल्याने कुटात मेदाम्ल मोकळं होण्याचा वेग किती कमी होतो?

ब्युरेट कागदावर चालवला. ५ ग्रॅम कूट, त्यात साधारण २.४ ग्रॅम तेल. त्यातलं १ टक्का मोकळं झालं असेल तर तेलातल्या ओलेइक या मेदाम्लाच्या हिशोबात २४ मिलिग्रॅम. भागिले त्याचा रेणुभार २८२, म्हणजे ०.०८५ मिलिमोल. ०.०२ नॉर्मल द्रावण ४.२५ मिलिलिटर लागेल. अर्धा टक्का असेल तर २.१. तीन टक्क्यांवर गेलं तर १२.८. हे फरक आमच्या ब्युरेटला सहज दिसतील. मैत्रिणीने आकडेमोड पुन्हा तपासली आणि वहीवर मोठी बरोबरची खूण केली.

अडचणीही लिहून ठेवते. कुटातली प्रथिनं आणि फॉस्फेटंही थोडं अल्कली खातात. म्हणून प्रत्येक नमुन्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पहिल्या दिवसाच्या आकड्याशी करायची. भाजलेल्याची कच्च्याशी थेट तुलना करायची नाही, किती वाढ झाली त्याची करायची.

११ जुलै, शुक्रवार

द्रावक. पुस्तकात इथेनॉल लिहिलंय. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, मळीपासून इथेनॉल इथेच गाळलं जातं, तरी प्रयोगशाळेला ते उत्पादन शुल्काच्या परवान्याशिवाय मिळत नाही. मॅडमनी आयसोप्रोपिल अल्कोहोल सुचवलं. ते मिळतं, तेल त्यात गरम असताना चांगलं विरघळतं आणि टायट्रेशनला चालतं. मात्र पटकन पेट घेतं, म्हणून पाणी आधी गरम करायचं, बर्नर बंद करायचा आणि मगच त्या पाण्यात फ्लास्क ठेवायचा. ज्वाला पेटलेली असताना अल्कोहोलची बाटली उघडायची नाही.

ऊर्ध्वपातित पाणी बॅटरीच्या दुकानातून घेतलं. ०.०२ नॉर्मल अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं, म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात त्याच दिवशी बनवायचं आणि दर वेळी ऑक्झॅलिक आम्लाने तपासायचं. आमचा तराजू ०.०१ ग्रॅमचा असल्याने इतकं कमी ऑक्झॅलिक आम्ल नीट तोलता येत नाही. २५० मिलिलिटरमध्ये १.५८ ग्रॅम घेऊन ०.१ नॉर्मल बनवायचं आणि त्यातलं २० मिलिलिटर पिपेटने घेऊन १०० पर्यंत न्यायचं. काका म्हणाले, एवढं पातळ द्रावण मुलं सहसा करत नाहीत. त्यांनी आपणहून दोन चांगले ब्युरेट बाजूला काढून दिले.

१५ जुलै, मंगळवार

पहिली चाचणी. सालीसकट कच्चं कूट कोमट अल्कोहोलमध्ये हलवलं, गाळलं. गाळीव द्रव लालसर आला आणि अल्कलीचे थेंब पडताच तपकिरी व्हायला लागला. सालीतले पॉलिफिनॉल. शेवटचा बिंदू दिसेना.

भाजलेल्या दाण्याची साल चोळली की निघते, कच्च्याची निघत नाही. भिजवून काढावी तर पाणी शिरतं, गरम करून काढावी तर विकरच मरतं. तेव्हा उपाय एकच: सगळे दाणे आधी नखांनी सोलायचे आणि मग त्यातले अर्धे भाजायचे.

१७ जुलै, गुरुवार

सोललेल्या दाण्यांचं कूट. फिकट पिवळं, स्वच्छ द्रव. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली आणि दोघींनाही एकाच थेंबाला दिसली! ५ ग्रॅमला ३.१ मिलिलिटर, नुसत्या अल्कोहोलला ०.२. म्हणजे २.९. दुसऱ्या फ्लास्कचं वाचन याच्या ०.१ च्या आत. हिशोब केला तर १०० ग्रॅम कुटामागे ओलेइकच्या मापात सुमारे ०.३३ ग्रॅम. द्रव गार झाला की तेल वेगळं होऊन गढूळ दिसतं, म्हणून कोमट असतानाच उरकायचं.

या पद्धतीवर आता माझा भरवसा बसला.

दाणे ओव्हनमध्ये १५० अंशांवर २० मिनिटं भाजून पाहिले. कढईत भाजले तर काही करपतात, काही कच्चे राहतात. कूट मिक्सरला थोडं थोडं फिरवायचं, नाही तर तेल सुटून लगदा होतो, आणि रव्याच्या चाळणीने चाळून घ्यायचं.

२२ जुलै, मंगळवार

आज मॅडमनी सगळ्यात कठीण प्रश्न काढला. "भाजल्याने विकर मरतं, मान्य. पण भाजल्याने दाणा कोरडाही होतो. आम्ल वाढलं नाही तर ते विकर नसल्यामुळे की पाणी नसल्यामुळे?"

तासभर बोलत बसलो आणि दोन गोष्टी ठरल्या. एक, सगळी भांडी सारख्याच दमट हवेत ठेवायची. त्यासाठी यंत्र नको, मीठ पुरतं! मिठाचं संपृक्त द्रावण बंद डब्यात ठेवलं की आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. बाहेर सोलापूरची हवा कोरडी असो की पावसाळी, डब्यात तेवढीच. भाजलेलं कूटही त्यात हळूहळू ओल पकडेल. याहून जास्त ओल मात्र नको, कारण बुरशी लागली तर ती स्वतःचं लायपेज घेऊन येते आणि शेंगदाण्यावरची अॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. बुरशीचा ठिपका दिसला तर तो डबा मोजणीतून बाद, न उघडता फेकायचा. चव आणि वास कोणीच घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट मैत्रिणीने सुचवली, आणि मला वाटतं प्रकल्पातली सर्वांत चांगली कल्पना तीच. तिसरा नमुना घ्यायचा: चार भाग भाजलेलं कूट आणि त्यात एक भाग कच्चं, दुधाला विरजण लावावं तसं. फरक विकराचा असेल तर कच्च्यातलं लायपेज भाजलेल्या दाण्याचं तेलही फोडायला लागेल आणि वाढ नुसत्या कच्च्याच्या वाढीच्या एकपंचमांशाहून जास्त दिसेल. विकर आपापल्या कणापुरतंच काम करत असेल तर एकपंचमांशाच्या जवळ. म्हणजे कूट नीट मिसळण्यावर बरंच अवलंबून आहे. मॅडमनी यावर काही क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "हे ठेवाच."

२४ जुलै, गुरुवार

सामान पुरेल का? तीन नमुने, प्रत्येकाचे दोन फ्लास्क, शून्य धरून चार वाचनं: चोवीस टायट्रेशनं. प्रत्येकाला २५ मिलिलिटर अल्कोहोल आणि धुवायला १०, म्हणजे ८४०. शिवाय नुसत्या अल्कोहोलच्या तपासण्या १४०. एकूण ९८०. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत जेमतेम बसतं, म्हणून सांडलं तर म्हणून तिसरी अर्धी बाटली दुसऱ्या गटाकडून बोलून ठेवली. कूट प्रत्येकी ५० ग्रॅम.

वार बुधवार. सोमवार श्रावणाचे, सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला घरचे सगळे निघतात. मंगळवारी नागपंचमी येते, शनिवारी ९ ऑगस्टला राखी पौर्णिमा आणि मार्कंडेयाचा रथ, त्या दिवशी मैत्रीण मिळणार नाही. ३० जुलै, ६, १३, २० ऑगस्ट. २७ ला गणपती बसतात, त्याआधी सगळं हातावेगळं.

२५ जुलै, शुक्रवार

शीर्षक दिलं: "७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या कच्च्या, भाजलेल्या आणि मिश्र शेंगदाणा कुटातील मोकळ्या आम्लाच्या वाढीचा तौलनिक अभ्यास". लांबलचक आहे, पण यातला एकही शब्द मी गाळणार नाही, कारण प्रत्येकामागे काहीतरी सोडून दिलेलं आहे. मर्यादांमध्ये लिहिलं: खवट वास मोजलेला नाही. भाजल्याने ऑक्सिडीकरण उलट लवकर होऊ शकतं, त्यामुळे या प्रकल्पावरून कोणतं कूट जास्त टिकतं हे सांगता येणार नाही.

आजीला हे वाक्य वाचून दाखवलं. तिला ते पटलं नाही. मला मात्र ते तिथे हवंच आहे.

मॅडमनी सही केली आणि बाजूला पेन्सिलने लिहिलं: "मिश्र नमुन्याचं अपेक्षित वाचन आधीच लिहून ठेवा, नंतर नाही." रविवारी बाजारातून एकाच पोत्यातले दाणे आणायचे, सोमवारी रात्रीपर्यंत सोलून व्हायला हवेत. मंगळवारी ओव्हन मागितलाय. बुधवारी सकाळी साडेसातला शून्याचं वाचन.